बंद पडलेल्या कारखान्याची जमीन शुद्ध कशी करावी

कारखाना बंद होतो, यंत्रे भंगारात जातात, छपराचे पत्रेही उतरवले जातात. मात्र वीस-तीस वर्षांत त्या आवारात जे सांडले, झिरपले आणि पुरले गेले, ते जमिनीतच राहते. पुढे तो भूखंड विकला जातो, त्यावर गोदाम किंवा गृहसंकुल उभे राहते, शेजारच्या वस्तीत बोअरवेल खोदली जाते, आणि पाण्याचा रंग किंवा वास बदलल्यावरच लोकांना जुन्या कारखान्याची आठवण होते. अशा जागेशी संबंध येणाऱ्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी, भूखंड घेऊ पाहणाऱ्या उद्योजकांसाठी आणि शेजारच्या रहिवाशांसाठी हा लेख आहे. शुद्धीकरणाचे प्रत्यक्ष काम तज्ज्ञ संस्थेनेच करायचे असते. तरीही त्या संस्थेने कोणत्या क्रमाने काय करायला हवे आणि कुठे हात आखडता घेतला जातो, हे या मंडळींना कळले पाहिजे.

या कामात सर्वांत महागात पडते ती घाई. दूषण कुठे आहे, किती खोल गेले आहे आणि कोणत्या मर्यादेपर्यंत ते कमी करायचे आहे, हे ठरण्याआधीच जेसीबी आवारात आला, तर दूषित आणि स्वच्छ माती एकमेकांत मिसळते, मूळ पुरावा नाहीसा होतो आणि हजार टनांचे काम पाच हजार टनांवर जाते. म्हणून या लेखात खोदकामापेक्षा त्याआधीच्या तपासाला अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी: जागेचा इतिहास लिहून काढणे

तपासाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही. ती जुन्या कागदांपासून आणि जुन्या कामगारांपासून होते. तमिळनाडूतील कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउन येथून हलवलेला हा कारखाना १९८०च्या दशकात कोडाईकनालला सुरू झाला आणि पुढे हिंदुस्तान लिव्हर कंपनीकडे आला. मार्च २००१ मध्ये स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि ग्रीनपीसने गावातल्या एका भंगाराच्या दुकानात पारा असलेल्या फुटक्या काचेचा सुमारे साडेसात टनांचा साठा उघडकीस आणला. त्यानंतर कारखाना बंद झाला. २००३ मध्ये पाराबाधित साहित्याचा सुमारे २९० टनांचा साठा प्रक्रियेसाठी अमेरिकेला परत पाठवण्यात आला, मात्र आवारातल्या मातीचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. भंगारवाल्याकडे सापडलेल्या त्या काचेतून एक गोष्ट स्पष्ट झाली, ती म्हणजे कारखान्याचे दूषण त्याच्या कुंपणात थांबत नाही. माल, कचरा, भंगार आणि सांडपाणी ज्या ज्या वाटेने बाहेर गेले, ती प्रत्येक वाट तपासाच्या नकाशावर आली पाहिजे.

त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रे, घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रे, कारखाना निरीक्षकांकडे सादर झालेले नकाशे, कच्च्या मालाच्या खरेदीच्या नोंदी आणि उपग्रहाची जुनी छायाचित्रे मिळवावीत. खरेदीच्या नोंदी विशेष उपयोगी असतात. वर्षाला किती क्रोमिक आम्ल किंवा किती ट्रायक्लोरोएथिलीन (धातूवरचे ग्रीस काढणारे द्रावक) आत आले आणि कचरा म्हणून किती बाहेर गेल्याची नोंद आहे, यांतला मोठा फरक बहुधा जमिनीत, नाल्यात किंवा हवेत गेलेला असतो. कागद जिथे संपतात तिथून पुढे कामगारांची साक्ष लागते. टाकी कुठे फुटली होती, पावसाळ्यात कोणते पाणी कोणत्या गटारात सोडले जाई, रिकामी पिंपे कुठे धुतली जात, जुनी इमारत पाडताना राडारोडा कुठे भरला, असे नेमके प्रश्न विचारावेत आणि शक्य असेल तर त्या माणसाला आवारात नेऊन जागा दाखवायला सांगावे. निवृत्त फिटर किंवा रात्रपाळीचा वॉचमन अर्ध्या तासात जे दाखवतो, ते शोधायला एरवी डझनभर भोके पाडावी लागतात.

आवाराची पाहणी करताना मुख्य इमारतीपेक्षा कडेच्या जागांकडे जास्त लक्ष द्यावे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले गाळ सुकवण्याचे वाफे, पिंपांचे शेड, डिझेलची जमिनीखालची टाकी, ट्रान्सफॉर्मरचा चौथरा आणि मागच्या भिंतीजवळचा उंचवटा या नेहमीच्या संशयित जागा असतात. क्रोम प्लेटिंगच्या जुन्या शेडमध्ये टाक्यांमधली फरशी आणि त्याखालची चर नीट पाहावी. फरशीचे सांधे आम्लाने खाल्ले गेलेले असतात. षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे जास्त विषारी रूप, पाण्यात सहज विरघळते आणि विटांमधून वर चढते, त्यामुळे पावसाळा सरल्यावर भिंतीच्या पायथ्याशी पिवळा लोणा फुटलेला दिसतो. असा लोणा दिसला की त्याखालची माती तपासायच्या यादीत पहिली घ्यावी, आणि त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

दुसरी पायरी: तातडीचे उपाय

सविस्तर तपास होईपर्यंत काही महिने जातात, आणि तेवढ्या काळात धोका वाढू द्यायचा नसतो. आवाराला कुंपण घालावे, गळकी पिंपे मोठ्या पिंपांत ठेवावीत, उघडा गाळ पावसाआधी जाड प्लास्टिकने झाकावा आणि पावसाचे पाणी दूषित भागावरून वाहू नये म्हणून वरच्या अंगाला चर काढावी. उताराच्या दिशेला असलेल्या विहिरींचे पाणी तपासून घ्यावे. मर्यादा ओलांडली असेल तर त्या विहिरीवर ठळक फलक लावून घरांना दुसरे पाणी लगेच द्यावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, शिसे ०.०१ मिलिग्रॅम आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम यांपेक्षा जास्त असू नये. पाणी उकळल्याने यातला कोणताही धातू जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. हे प्रत्येक घरी सांगितले पाहिजे, कारण पाणी खराब असल्याचे कळताच लोक पहिल्यांदा ते उकळू लागतात.

याच टप्प्यावर जीव जाण्याचे प्रसंगही घडतात. बंद टाकीत किंवा सांडपाण्याच्या हौदात वायूची तपासणी केल्याशिवाय, दोर आणि बाहेर उभा असलेला माणूस यांच्याशिवाय कोणालाही उतरवू नये. प्लेटिंगच्या कारखान्यात सायनाइडच्या टाक्याही असू शकतात. सायनाइडचा गाळ आणि आम्ल एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू तयार होतो, म्हणून ‘सगळा गाळ एकाच खड्ड्यात जमा करा’ ही सूचना कोणीही दिली तरी मानू नये. सायनाइडयुक्त द्रवावर वेगळी प्रक्रिया होते. त्याचा सामू (पीएच) दहाच्या वर ठेवून क्लोरीनयुक्त रसायनाने सायनाइडचे विघटन करतात, आणि तेही प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली.

तिसरी पायरी: मंडळाला कळवणे आणि जबाबदार कोण ते ठरवणे

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली लागू केले. त्यानुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन संशयित जागांची माहिती राज्य मंडळाला देते, मंडळ ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करते आणि गरज असल्यास पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण होते. घातक रसायनांचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले तर जागा दूषित म्हणून जाहीर होते, तज्ज्ञ संस्था शुद्धीकरणाचा आराखडा करते आणि खर्च दूषण करणाऱ्याकडून घेतला जातो. किरणोत्सारी कचरा, खाणी, समुद्रातील तेलगळती आणि घनकचऱ्याच्या डेपोंना हे नियम लागू नाहीत. हे नियम येण्याआधी देशात १०३ दूषित जागांची नोंद झाली होती आणि त्यांतल्या अवघ्या सात जागांवर काम सुरू झाले होते. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि इतिहासाचा कागद त्याला जोडावा. नुसत्या तक्रारीपेक्षा नकाशासह दिलेली माहिती बाजूला सारणे कठीण असते.

खर्च कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर राजस्थानातील बिछडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी दिले. उदयपूरजवळच्या या गावात एच-ॲसिड या रंगद्रव्यासाठी लागणाऱ्या रसायनाच्या उत्पादनातून सुमारे अडीच हजार टन गाळ निर्माण झाला. त्यातला काही खड्ड्यांत साठवला गेला, बाकीचा आवारात पसरून त्यावर माती टाकली गेली, आणि परिसरातल्या विहिरींचे पाणी पिण्यालायकही राहिले नाही आणि शेतीलाही. धोकादायक धंद्यातून झालेल्या हानीची भरपाई आणि शुद्धीकरणाचा खर्च ही दोन्ही त्या उद्योगाची जबाबदारी असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही रक्कम वसूल होईना, आणि २०११ मध्ये न्यायालयाला ३७ कोटी ३८ लाखांहून अधिक रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश द्यावा लागला. निकाल लागला म्हणजे विहीर शुद्ध झाली असे होत नाही, म्हणून बँक हमी आणि कामाचे टप्पे सुरुवातीलाच लेखी ठरले पाहिजेत.

चौथी पायरी: माती आणि पाण्याचे नमुने

इतिहासावरून ठरलेल्या संशयित जागी नेमके नमुने घ्यायचे आणि उरलेल्या आवारावर दहा ते वीस मीटरच्या चौकटी आखून त्यांतूनही घ्यायचे, अशी दुहेरी पद्धत ठेवावी. प्रत्येक ठिकाणी वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर, मग अर्धा मीटर, एक मीटर, दोन मीटर असे खाली जात स्वच्छ माती लागेपर्यंत थांबू नये. शेजारच्या, कारखान्याचा स्पर्श न झालेल्या जमिनीतले नमुनेही घ्यावेत. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणि जांभ्यात क्रोमियम, निकेल यांसारखे धातू मुळातच काही प्रमाणात असतात, आणि ही नैसर्गिक पातळी माहीत नसली तर कारखान्याचा दोष किती ते सिद्ध करता येत नाही.

भूजलासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, कारण त्रिकोणात मांडलेल्या तीन विहिरींच्या पाणीपातळीवरूनच प्रवाहाची दिशा काढता येते. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या कातळात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र सारखे पसरत नाही. ते भेगांमधून आणि दोन लाव्हाथरांमधल्या सांध्यांतून वाहते. त्यामुळे कारखान्यापासून पन्नास मीटरवरची बोअरवेल स्वच्छ आणि चारशे मीटरवरची दूषित, असेही घडू शकते. जवळची विहीर चांगली निघाली म्हणून तपास थांबवणे आपल्या खडकात अत्यंत धोक्याचे आहे, आणि या कामात भूवैज्ञानिकाचा सल्ला टाळता येत नाही. ट्रायक्लोरोएथिलीनसारखे द्रावक पाण्यापेक्षा जड असतात आणि भेगांतून थेट तळाकडे जातात. डिझेल हलके असल्याने पाण्यावर तरंगते. कशाचा शोध घ्यायचा आहे त्यावर विहिरीच्या जाळीची, म्हणजे पाणी आत येणाऱ्या सच्छिद्र नळीची, खोली ठरते.

नमुना घेण्याआधी विहिरीत साचून राहिलेले पाणी काढून टाकावे लागते. शंभर मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे ७.८५ लिटर पाणी असते. पाण्याची उंची सहा मीटर असेल तर एक भरणा ४७ लिटरचा होतो. त्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे १४१ लिटर उपसल्यावर, सामू आणि विद्युतवाहकता स्थिर झाली की नमुना घ्यावा. उपसलेले पाणी जमिनीवर ओतू नये, पिंपात साठवावे. एकूण धातूंच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात. षट्संयुजी क्रोमियमच्या नमुन्यात मात्र आम्ल घालत नाहीत, तो बर्फात ठेवून २४ तासांच्या आत तपासावा लागतो. हे एवढे पाळले नाही तर आम्लामुळे षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे त्याचे कमी विषारी रूप, होते आणि अहवालात धोका नाहीसा झालेला दिसतो. म्हणून अहवाल हाती आल्यावर आकड्यांच्या आधी नमुना कधी घेतला, कधी तपासला आणि कशात ठेवला होता हे पाहावे. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असावी आणि काही नमुन्यांची दुसरी प्रत वेगळ्या प्रयोगशाळेकडे जावी.

पाचवी पायरी: किती शुद्ध, ते ठरवणे

या प्रश्नावर सर्वाधिक वाद होतो, आणि व्हायलाच हवा. कोडाईकनालमध्ये मातीतल्या पाऱ्यासाठी किलोला २० मिलिग्रॅम ही मर्यादा निश्चित झाली, आणि ती निवासी जागेच्या परदेशी निकषाशी जुळते अशी बाजू मांडली गेली. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे होते की ही जागा शोला जंगलाला लागून, पाणलोटाच्या माथ्यावर आहे. तिथून धुपणारी माती ओढ्यात आणि मग माशांच्या शरीरात जाते, त्यामुळे घरासाठी पुरेसा असलेला निकष जंगलाला पुरेसा नाही. माझ्या मते हा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. मर्यादा ठरवताना त्या जागेवर उद्या काय उभे राहणार एवढेच पाहून भागत नाही. विषाचा स्रोत, त्याचा प्रवासमार्ग आणि शेवटी बाधित होणारा जीव ही पूर्ण साखळी पाहावी लागते. गोदामाच्या काँक्रीटखालच्या मातीला एक मर्यादा चालेल, पण त्याच मातीतून पाझरणारे पाणी गावच्या विहिरीला मिळत असेल तर मर्यादा विहिरीवरून ठरली पाहिजे. हा हिशेब आराखड्यात लिहिलेला असावा आणि तो ग्रामसभेत मराठीत समजावून सांगितला जावा.

सहावी पायरी: पद्धत निवडणे

आधी प्रमाण काढावे. समजा, ४०० चौरस मीटर क्षेत्र दीड मीटर खोलीपर्यंत दूषित आहे. म्हणजे ६०० घनमीटर माती, घनमीटरला १.७ टन धरले तर सुमारे १,०२० टन. खोलीच्या अंदाजात अर्ध्या मीटरची चूक झाली तर ३४० टन वाढतात. चार जादा भोके पाडण्याचा खर्च यापुढे किरकोळ आहे.

लहान आणि तीव्र दूषण असेल तर माती खोदून अधिकृत घातक कचरा प्रकल्पात नेणे हा सरळ मार्ग असतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे असे प्रकल्प आहेत. डिझेल आणि तेलाने माखलेल्या मातीचे ढीग करून, त्यांना हवा, ओलावा आणि खत देऊन जिवाणूंकडून तेल पचवून घेता येते. धातूंना हा उपाय चालत नाही, कारण धातू पचून नाहीसा होत नाही. त्याचे रूप बदलायचे किंवा तो वेगळा काढायचा एवढेच पर्याय राहतात.

क्रोमियमच्या बाबतीत रूप बदलण्याचा मार्ग चांगला आहे. फेरस सल्फेटने षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजीमध्ये रूपांतर होते, आणि सामू आठ-नऊच्या आसपास ठेवला की ते अविद्राव्य होऊन मातीत बसते. एक किलो षट्संयुजी क्रोमियमला हिशेबाप्रमाणे सुमारे १६ किलो स्फटिकी फेरस सल्फेट लागते, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त, कारण मातीतला प्राणवायूही ते खातो. म्हणून आवारातल्याच मातीवर आधी प्रयोगशाळेत आणि मग छोट्या तुकड्यावर चाचणी घ्यावी. मातीत मँगनीजची ऑक्साइडे भरपूर असतील तर काही क्रोमियम पुन्हा षट्संयुजी होऊ शकते. उपचारानंतर काही महिन्यांनी फेरतपासणी करण्याचे कारण हेच.

कोडाईकनालसाठी माती धुण्याची आणि तापवण्याची जोडपद्धत ठरली. पारा प्रामुख्याने बारीक कणांना चिकटतो, म्हणून माती धुऊन जाड कण वेगळे करायचे आणि उरलेला बारीक गाळ निर्वात भट्टीत तापवून पाऱ्याची वाफ थंड करून गोळा करायची, अशी ती कल्पना आहे. भूजल उपसून शुद्ध करणे मात्र अनेक वर्षांचे काम असते. पंप बंद केल्यावर खडकाच्या भेगांतून दूषण पुन्हा बाहेर येते, त्यामुळे दोन वर्षांत विहिरी स्वच्छ करून देण्याचे आश्वासन मिळाले तर त्याचा आधार मागावा.

साठवलेला कचरा हटवणे आणि जमीन शुद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हेही करारात स्पष्ट असू द्यावे. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलवून जूनअखेरपर्यंत जाळण्यात आला. त्या आवारातल्या आणि जुन्या बाष्पीभवन तळ्यांच्या परिसरातल्या मातीचे व भूजलाचे दूषण मात्र त्यामुळे सुटत नाही.

सातवी पायरी: प्रत्यक्ष काम

कोकणात आणि घाटमाथ्यावर खोदकाम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवावे. उघडा खड्डा पावसात सापडला तर सगळे दूषण पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या शेतात जाते. डंपर ताडपत्रीने झाकलेले असावेत, त्यांची चाके धुऊनच ते रस्त्यावर यावेत आणि प्रत्येक फेरीसोबत घातक कचऱ्याचे वाहतूकपत्र असावे. आवारातून निघालेले वजन आणि प्रकल्पात पोहोचलेले वजन रोज ताडून पाहावे. माती ‘भरावाला’ म्हणून वाटेत उतरवली जाण्याचा धोका खरा आहे, आणि तो याच एका नोंदीने पकडता येतो. कामगारांना योग्य फिल्टरचे मास्क, हातमोजे, कपडे बदलण्याची व अंघोळीची सोय हवी. पाऱ्याच्या कामात मूत्रातील पाऱ्याची तपासणी कामाआधी, कामादरम्यान आणि नंतर व्हावी.

खड्डा ठरलेल्या खोलीपर्यंत गेला म्हणून भरायचा नसतो. तळ आणि चारही भिंतींचे नमुने मर्यादेत आल्याचा अहवाल हाती पडल्यावरच, तपासलेल्या स्वच्छ मातीने किंवा मुरमाने तो भरावा. त्या वेळी गावातले दोन-तीन लोक हजर असावेत आणि छायाचित्रे काढली जावीत.

आठवी पायरी: नंतरची देखरेख

निरीक्षण विहिरींचे पाणी पहिली दोन वर्षे तिमाहीला आणि पुढे निदान पावसाळ्याच्या आधी व नंतर तपासावे, कारण पाणीपातळी वर चढली की कोरड्या थरात अडकलेले दूषण सुटते. काही दूषण झाकून जागेवरच ठेवले असेल तर त्याचा नकाशा, खोली आणि वापरावरची बंधने खरेदीखतात लिहिली जावीत, आणि सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर त्यांची नोंद करून मिळावी यासाठी अर्ज द्यावा. पुढच्या मालकाने पाया किंवा बोअरवेल खोदण्याआधी कोणाची परवानगी घ्यायची, हेही त्यातच असावे. देखरेखीचा पैसा वेगळ्या खात्यात किंवा बँक हमीत ठेवावा, आणि सलग दोन वर्षांचे सर्व अहवाल मर्यादेत आल्याशिवाय, मंडळाच्या लेखी संमतीविना, ती हमी सोडू नये.